सेवाकार्याची निविदा : जाहिरात कोणासाठी आणि कशी?

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



माझ्या आधीच्या वक्त्यांनी या व्यासपीठावरून धर्म, आरोग्य आणि शिक्षण या विषयांवर आपणांस पुष्कळ काही दिले. माझ्या वाट्याला आलेला विषय त्या मानाने रुक्ष आहे. निविदा हा शब्द उच्चारताच सभागृहातील निम्मे लोक घड्याळाकडे पाहतात, हे मी जाणतो. तरीही विश्वस्त मंडळाने हा विषय मला दिला त्याला कारण आहे. गेली चाळीस वर्षे घाटकोपरच्या पेढीवर बसून मी शाळांच्या गणवेशाच्या, रुग्णालयांच्या चादरींच्या आणि मदतकार्यातील ब्लँकेटांच्या निविदा भरल्या आहेत. काही मिळाल्या, पुष्कळशा गेल्या. निविदेच्या कागदाला कोणत्या बाजूने धार असते, हे भरणाऱ्याला जितके कळते तितके काढणाऱ्याला कळतेच असे नाही.

प्रसंग आपणां सर्वांस ठाऊक आहे. आपला मोफत दवाखाना आणि विद्यार्थी वसतिगृह यांना एका कंपनीने सामाजिक दायित्व निधीतून भरीव साहाय्य देऊ केले आहे. त्यांची अट एकच. या दोन्ही कार्यांचा परिणाम नेमका काय झाला, कोणाला लाभ झाला आणि कोण बाहेर राहिले, याचा अभ्यास त्रयस्थ व्यक्तीकडून व्हावा. या अभ्यासासाठी माणूस कसा निवडावा, यावर मागील सभेत दोन तट पडले. एक पक्ष म्हणाला, समाजात इतके शिकलेले लोक असताना जाहिरात कशाला, घरचाच माणूस नेमा. दुसरा पक्ष म्हणाला, जाहिरात द्यावीच लागेल, नाहीतर उद्या कोणी बोट दाखवील. माझ्या मते दोन्ही पक्षांचे म्हणणे अपुरे आहे.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ अन्वये १ एप्रिल २०१४ पासून ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांवर सामाजिक कार्यासाठी निधी खर्च करण्याचे दायित्व आले. जानेवारी २०२१ मध्ये त्याच्या नियमांत दुरुस्ती झाली. ज्या कंपनीचे हे दायित्व मागील तीन वर्षांत सरासरी १० कोटी रुपये वा अधिक आहे, तिने १ कोटी वा अधिक खर्चाच्या प्रकल्पांचे परिणाम-मूल्यमापन स्वतंत्र संस्थेकडून करून घ्यावे, असे त्यात आहे. मूल्यमापनाच्या खर्चाला तेव्हा एकूण सामाजिक खर्चाच्या ५ टक्के किंवा ५० लाख रुपये, यांपैकी जी रक्कम कमी ती, अशी मर्यादा होती. २०२२ मध्ये ती २ टक्के किंवा ५० लाख, यांपैकी जी जास्त ती, अशी झाली. आपला प्रकल्प एवढा मोठा नाही, म्हणून कायद्याचे थेट बंधन येथे येत नाही. पण दात्याने मागितले आहे, आणि ते योग्यच मागितले आहे.

आता कापडाकडे वळतो, कारण तेच मला येते. शाळेच्या गणवेशाच्या कापडाची निविदा निघते तेव्हा कागदावर सर्व लिहिता येते. पन्हा किती, सुताचा क्रमांक कोणता, चौरस मीटरला वजन किती, पॉलिएस्टर आणि सूत यांचे प्रमाण काय, धुलाईनंतर रंग किती टिकावा. नमुन्याचा तुकडा लाखेने मोहोरबंद करून ठेवतात. माल आला की प्रयोगशाळेत जातो आणि वादच उरत नाही. अशा ठिकाणी सर्वांत कमी दराच्या व्यापाऱ्याला काम देणे हे न्याय्य आहे. मी स्वतः चार आण्यांनी हरलो आहे आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार वेगळीच आहे. एका वर्षी एका संस्थेने मदतकार्यासाठी ब्लँकेटांची निविदा काढली. सूचना छापली ती अत्यल्प खपाच्या पत्रात, शनिवारी. भरण्याची मुदत सोमवारी दुपारी बारापर्यंत. मुळजी जेठा मार्केटमध्ये रविवारी कोणते दुकान उघडे असते? दोनच निविदा आल्या आणि त्या दोन्ही एकाच पत्त्यावरच्या होत्या, असे नंतर कळले. जाहिरात झाली होती, कात्रण फायलीला लावले होते, लेखापरीक्षकाचे समाधान झाले होते. फक्त ती कोणी वाचावी या हेतूने दिलेली नव्हती. म्हणून “जाहिरात द्यावीच लागेल” एवढ्याने माझे समाधान होत नाही. जाहिरात ज्याच्यापर्यंत पोहोचायला हवी त्याच्यापर्यंत पोहोचली का, हा खरा प्रश्न.

आणि येथे तर ब्लँकेट नाही, माणूस निवडायचा आहे. आपत्ती, पुनर्वसन, आरोग्य, शिक्षण या क्षेत्रांत अभ्यास करणारे, सर्वेक्षण करणारे, लोकांशी बोलून कार्याची दिशा सांगणारे असे व्यावसायिक आता मोठ्या संख्येने आहेत. आपल्यापासून हाकेच्या अंतरावर देवनारला टाटा समाजविज्ञान संस्था आहे. १९३६ साली स्थापन झालेल्या या संस्थेने समाजकार्य हा शिकून करावयाचा व्यवसाय आहे, हे या देशाला प्रथम पटवून दिले. सेवा ही पगार घेऊन कशी करता येईल, असे आपल्यापैकी काही वडीलधारी विचारतात. दवाखान्यातल्या डॉक्टरला आपण मानधन देतो, मग दवाखाना कसा चालला आहे हे तपासणाऱ्याला का देऊ नये?

जगात अशा कामांच्या सूचना कशा फिरतात तेही थोडक्यात सांगतो. १९७८ पासून संयुक्त राष्ट्रांतर्फे ‘डेव्हलपमेंट बिझनेस’ हे नियतकालिक निघू लागले. जागतिक बँकेच्या कर्जातून होणाऱ्या मोठ्या कामांच्या आणि सल्लासेवांच्या सूचना त्यात येत. १९९६ मध्ये संयुक्त राष्ट्रांनीच ‘रिलीफवेब’ ही सेवा सुरू केली. आपत्तींची माहिती आणि मदतकार्यातील नेमणुकांच्या जाहिराती तेथे एकत्र मिळतात. नैरोबीतील पाणीतज्ज्ञ आणि नाशिकमधील पोषणतज्ज्ञ आज एकच जाहिरात एकाच सकाळी वाचतात. आपल्या केंद्र सरकारच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांतही सल्लासेवेसाठी स्वतंत्र नियम आहेत. २०१७ मध्ये त्यांनुसार अंदाजित खर्च २५ लाखांपर्यंत असेल तर इतर संस्थांकडे चौकशी करून संभाव्य सल्लागारांची यादी करता येत असे. त्याहून मोठ्या कामासाठी स्वारस्य कळविण्याचे जाहीर आवाहन सरकारी खरेदी संकेतस्थळांवर प्रसिद्ध करावे लागे. छाननीअंती निदान तीन नावे उरावीत, असाही दंडक आहे. हे नियम सरकारी खात्यांना लागू आहेत, आपल्याला नाहीत. परंतु चांगल्या शिंप्याचे मोजमाप उसने घ्यायला हरकत नसते.

आपल्या महाराष्ट्रात अशा नेमणुकीने खरोखर काय साधले, याचे उदाहरण किल्लारीचे आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चार वाजण्याच्या सुमारास लातूर-उस्मानाबादची (आताचे धाराशिव) भूमी हादरली आणि सुमारे दहा हजार माणसे गेली. आपल्या समाजाला त्या वेळची आठवण आहे ती भारतीय जैन संघटनेची. श्री. शांतिलाल मुथा यांनी बाराशे मुलांना पुण्यास आणून त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी घेतली. ते कार्य कोणत्याही निविदेने झाले नाही, आणि होऊही शकले नसते. संकटाच्या पहिल्या दिवसांत जाहिरात देऊन वाट पाहणारा माणूस हा सेवक नव्हे, हे मी आधीच मान्य करतो.

पण त्यापुढचा टप्पा वेगळा होता. जागतिक बँकेच्या साहाय्याने राज्य शासनाने भूकंप पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम हाती घेतला. बावन्न गावे नव्या जागी वसवायची होती आणि शेकडो गावांतील तडे गेलेली लाखांवर घरे दुरुस्त करून बळकट करायची होती. एवढ्या कामात अभियंते होते, सिमेंट होते, पैसाही होता. उणीव होती ती गावकऱ्यांशी बोलणाऱ्याची. म्हणून शासनाने लोकसहभागासाठी सल्लागार नेमले. स्थलांतरित गावांच्या बाबतीत टाटा समाजविज्ञान संस्था, आणि दुरुस्ती-बळकटीकरणाच्या गावांसाठी स्वयं शिक्षण प्रयोग ही संस्था. या दुसऱ्या संस्थेने गावातील महिला मंडळांच्या स्त्रियांना ‘संवाद सहायक’ म्हणून पुढे आणले. शासनाची योजना घराघरांत समजावून सांगणे आणि घरमालकांच्या अडचणी कचेरीपर्यंत नेणे हे त्यांचे काम. जी बाई कालपर्यंत ग्रामसभेत उंबऱ्याबाहेर उभी राहत होती, ती अभियंत्याला भिंतीतील लोखंडी सळईबद्दल विचारू लागली. सल्लागार हा शब्द ऐकताच आपल्या डोळ्यांसमोर सूटबूट आणि जाड अहवाल येतो. येथे सल्लागाराने लुगडे नेसलेल्या सहायिका उभ्या केल्या, आणि शासनाने त्या कामाचा मोबदला दिला.

दुसरे उदाहरण आपल्या उपनगरांचेच आहे, आणि व्यापारी म्हणून ते मला अधिक जवळचे वाटते. जून २००२ मध्ये जागतिक बँकेने मुंबई नागरी परिवहन प्रकल्पासाठी सुमारे ५४ कोटी डॉलरचे साहाय्य मंजूर केले. उपनगरी रेल्वेची सुधारणा, जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्ता, सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्ता ही त्यातील कामे. आज आपण पश्चिम द्रुतगती महामार्गावरून पवईमार्गे विक्रोळीला येतो तो रस्ता त्यातलाच. या कामांसाठी हजारो कुटुंबे हलवावी लागणार होती. पुनर्वसनाची जबाबदारी मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणावर होती आणि प्राधिकरणाने प्रत्यक्ष कामासाठी स्वयंसेवी संस्थांचे साहाय्य घेतले.

रेल्वेमार्गालगतच्या झोपड्यांच्या बाबतीत ‘स्पार्क’, राष्ट्रीय झोपडपट्टीवासी महासंघ आणि महिला मिलन यांनी जे केले त्याची जगभर वाखाणणी झाली. रहिवाशांनी आपली गणना आपणच केली, घरांवर क्रमांक घातले आणि हजारो कुटुंबे स्वतःच्या पायांनी बाहेर पडली. महासंघाचे अध्यक्ष जोकिन अर्पुथम यांना २००० साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. लोकांना विश्वासात घेणाऱ्याकडे काम सोपविले की बुलडोझर लागत नाही, हे या शहराने तेव्हा पाहिले.

रस्त्यांच्या कामात मात्र गाडी अडली. २००४ मध्ये कुर्ल्याच्या दुकानदारांच्या संघटनेने जागतिक बँकेच्या तपासणी मंडळाकडे तक्रार केली. मागोमाग आणखी तक्रारी गेल्या. दुकानाच्या बदल्यात मिळणारी विनामूल्य जागा होती २२५ चौरस फूट. ज्याचे दुकान त्याहून मोठे, ज्याच्याकडे कामगार, ज्याचे गिऱ्हाईक त्या नाक्यावरचे, त्याने ती जागा दूरच्या वसाहतीत घेऊन काय करावे? दुकानाची किंमत चौरस फुटांत नसते, दारावरून जाणाऱ्या पावलांत असते, हे मला कोणी सांगायला नको. डिसेंबर २००५ मध्ये मंडळाचा अहवाल आला. दुकानदारांच्या उत्पन्नाचा विचार पुरेसा झाला नाही, माहिती देण्याची आणि तक्रार ऐकण्याची व्यवस्था अपुरी होती, आणि पुरेशी क्षमता आहे की नाही हे न पाहता पुनर्वसनाचा मुख्य भार स्वयंसेवी संस्थांवर टाकला गेला, अशी त्याची निरीक्षणे होती. १ मार्च २००६ रोजी बँकेने रस्ते आणि पुनर्वसन या भागांचे पैसे थांबविले. सुधारणा झाल्यावर जूनअखेर ते पुन्हा सुरू झाले. पुढे या पुनर्वसनाच्या परिणामांचा अभ्यास देवनारच्याच टाटा संस्थेने केला, तो २००८ मध्ये.

यात कोणाला दोषी ठरवावे यासाठी मी हे सांगत नाही. जी माणसे झोपडीतील बाईला बोलते करण्यात निष्णात होती, त्यांना दुकानाचे खातेवही वाचता येईलच असे गृहीत धरले गेले, असा माझा तर्क आहे. चांगला माणूस आणि या कामाला योग्य माणूस या दोन गोष्टी आहेत. मूर्तिकार कितीही थोर असला तरी त्याच्याकडून आपण घराचे प्लंबिंग करून घेत नाही. आणि हा भेद निवडीच्या वेळी दिसायचा असेल तर काम काय आहे ते आधी कागदावर उतरले पाहिजे. इंग्रजीत त्याला टर्म्स ऑफ रेफरन्स म्हणतात, शासकीय मराठीत कार्यकक्षा. माझ्या मते निविदेतला सर्वांत महत्त्वाचा कागद तोच. दर वगैरे नंतर.

तथापि दराबद्दल बोलल्याशिवाय वाण्याच्या मुलाला राहवत नाही, म्हणून एक लहानसे गणित मांडतो. सल्लासेवेत दोन लिफाफे मागवितात. पहिल्यात अनुभव, माणसे आणि कार्यपद्धती, दुसऱ्यात दर. पहिल्याला गुण दिल्याखेरीज दुसरा उघडायचा नाही. समजा एकाला गुणवत्तेत ९० गुण मिळाले आणि त्याचा दर १० लाख. दुसऱ्याला ७५ गुण आणि दर ७ लाख. सर्वांत कमी दराला १०० गुण, म्हणून दुसऱ्याला दराचे १०० आणि पहिल्याला ७०. आता गुणवत्तेला ८० आणि दराला २० असे वजन दिले तर पहिल्याचे होतात ७२ अधिक १४, म्हणजे ८६. दुसऱ्याचे ६० अधिक २०, म्हणजे ८०. पहिला जिंकला. तेच वजन निम्मे-निम्मे केले तर पहिल्याचे ४५ अधिक ३५, म्हणजे ८०, आणि दुसऱ्याचे साडेसदतीस अधिक ५०, म्हणजे साडेसत्त्याऐंशी. दुसरा जिंकला. माणसे तीच, दर तेच; काट्याचे वजन बदलले आणि काम दुसरीकडे गेले. म्हणून हे वजन किती ते जाहिरातीतच छापले पाहिजे. लिफाफे हाती आल्यानंतर वजन ठरविणारा मनुष्य कितीही सज्जन असो, त्याच्यावर संशय येणारच, आणि तो संशय आपल्या ट्रस्टच्या नावाला चिकटेल.

आता अटींकडे येऊ. कार्यालयाने एका मोठ्या संस्थेच्या जुन्या जाहिरातीवरून जो कच्चा मसुदा केला आहे, तो मी वाचला. त्यात वार्षिक उलाढाल एक कोटी, तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद, वस्तू व सेवा कर नोंदणी आणि बयाणा रक्कम पन्नास हजार, अशा अटी आहेत. या अटी कोणाला बाहेर ठेवतात, ते पाहा. वीस वर्षे धारावी-गोवंडीच्या वस्त्यांत आरोग्यसेविकांबरोबर काम करून आता स्वतंत्रपणे अभ्यास करणारी एखादी अनुभवी बाई समजा. तिची वर्षाची मिळकत २० लाखांच्या आत असेल तर सेवा पुरविणाऱ्याला कर-नोंदणी कायद्यानेच बंधनकारक नाही. मग आपण ती का मागावी? ज्याला आपल्या दवाखान्याच्या रांगेत बसून रुग्णाशी गुजरातीत, मराठीत आणि हिंदीत बोलता येते, त्याच्याकडे एक कोटीची उलाढाल कुठून असणार? ही अट कंपनीला आत घेते आणि माणसाला बाहेर ठेवते. बयाणा रक्कम सिमेंटच्या कंत्राटदाराकडून घ्यावी. अभ्यासकाकडून घेण्यात अर्थ नाही. अनुभवाचे दोन जुने अहवाल आणि ज्यांच्यासाठी काम केले त्यांची नावे मागावीत, आणि त्या लोकांना खरोखर दूरध्वनी करावा. हे आपण क्वचितच करतो. मुलीसाठी स्थळ पाहताना दहा ठिकाणी चौकशी करणारा समाज संस्थेसाठी माणूस नेमताना चार ओळींच्या प्रमाणपत्रावर भागवतो!

मुदत तीन आठवड्यांची असावी. चांगला प्रस्ताव लिहायला आठवडा लागतो आणि चांगल्या माणसाला दुसरेही काम असते. खर्चाची कमाल मर्यादा जाहिरातीत सांगावी असे माझे मत आहे. व्यापारात आपण भाव लपवितो, पण येथे लपवून काही मिळत नाही. पाच लाखांच्या कामाला कोणी दोन लाखांचा आणि कोणी वीस लाखांचा प्रस्ताव पाठवितो आणि दोघांचेही श्रम वाया जातात. न निवडलेल्या प्रस्तावातील कल्पना आपण वापरणार नाही, हे एका वाक्यात लिहावे. माझ्या ओळखीच्या एका तरुण अभ्यासकाचा प्रस्ताव एका संस्थेने नाकारला आणि सहा महिन्यांनी तीच प्रश्नावली तिच्या कार्यकर्त्यांच्या हातात दिसली. कापडाचा नमुना परत न करता त्यावरून माल विणून घेणाऱ्याला बाजारात आपण काय म्हणतो, ते येथे उच्चारत नाही. ज्यांना काम मिळाले नाही त्यांना दोन ओळींचे कारण कळवावे. पैसे हप्त्यांनी द्यावेत, पहिला हप्ता करार होताच. घरभाडे भरणाऱ्याला अहवालानंतर नव्वद दिवसांनी धनादेश देणे बरे नाही. दहा टक्के उद्गमकर कापला जाईल, हेही आधीच लिहावे म्हणजे नंतर रुसवा नाही.

राहिला प्रश्न घरच्या माणसाचा. मागील सभेत ज्यांचे नाव सुचविले गेले ते विद्वान आहेत, आणि मला त्यांच्याविषयी आदर आहे. त्यांनी अवश्य अर्ज करावा. परंतु त्यांचे आप्त विश्वस्त मंडळात आहेत, तेव्हा त्या विश्वस्तांनी निवड समितीत बसू नये आणि तशी नोंद इतिवृत्तात व्हावी. शिवाय एक व्यावहारिक अडचण आहे. वसतिगृहातील मुलगा आपल्या गैरसोयीविषयी समाजातील प्रतिष्ठित काकांना खरे सांगेल का? जेवणाविषयी तो “छान आहे काका” असेच म्हणेल. परक्याला कदाचित सांगेल की रात्रीचे पाणी सात वाजता बंद होते. आपल्याला कोणते उत्तर हवे आहे, यावर जाहिरात द्यायची की नाही हे ठरते.

जाहिरात कोठे द्यावी? एक मराठी आणि एक गुजराती दैनिक, मोठ्या खपाचे, कारण आपल्याच समाजाला ती दिसली पाहिजे. त्याबरोबर टाटा संस्था, निर्मला निकेतन आणि मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागाच्या सूचनाफलकांसाठी प्रती पाठवाव्यात. मदत-विकास क्षेत्रातील नेमणुकांच्या जाहिराती जेथे वाचल्या जातात तेथेही ती द्यावी; आमच्या तरुण मंडळींनी हे काम अंगावर घेतले आहे. आणि दवाखान्याच्या दारावर एक प्रत मराठीत लावावी. अभ्यास ज्यांच्याविषयी होणार त्यांना तो होणार आहे हे आधी कळावे, अशी माझी सूचना आहे. सभेने ती मान्य करावी.

दोन्ही मसुदे, कार्यालयाचा आणि मी सुधारलेला, उद्यापासून कार्यालयात ठेवले आहेत. गुणांचे वजन मी ८०-२० असे लिहिले आहे. ज्यांना ७०-३० योग्य वाटते त्यांनी पौर्णिमेपर्यंत लेखी कळवावे. त्यानंतरच्या रविवारी विश्वस्त मंडळ मसुदा कायम करील, आणि मग कोणाच्याही सांगण्यावरून तो बदलला जाणार नाही.